धर जरा तसाच

सावद्याच्या बसस्टँडसमोर दोन वर्षांपूर्वी लागला होता तो फ्लेक्स:
आमचे मित्र लीलाधरभाऊ भारंबे यांची
सहकुटुंब कॅनडा येथे निवड झाल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन.
शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो, त्यातले चार आम्हाला अनोळखी.
वादळात एक दोर तुटला, तेव्हा मीच तो उतरवून आणला.
आता धाब्यावर पालथा अंथरते,
वर ओलं धोतर, धोतरावर बिबडे थापते.
ज्वारीच्या वाफेनं माझ्या भावाचं नाक
खालच्या अंगानं जरा फुगलंय.

यशोमती फैजपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची.
छडीचं टोक नकाशात वर, डाव्या कोपऱ्यात नेऊन म्हणायची,
क्षेत्रफळानं जगात दुसरा.
एवढ्या मोठ्या देशात
तिला उभं राहायला जागा मिळाली
हॉटेलच्या धुलाईखान्यात, दोन मशिनींच्या मधे.
ती बोलत नाही त्यावर.
फोन धरते तेव्हा बोटं दिसतात,
पेरापेरात उललेली.

लीलाधर म्हणतो, लॉजिस्टिक्समध्ये आहे.
दीपनगरला तो बॉयलरवर होता,
त्याच्या सहीवाचून युनिट पेटत नसे.
आता रात्रभर खोक्यांवर लाल उजेड मारतो,
खोकं टीं करतं, की पुढचं खोकं.
हे मला उर्वीनं सांगितलं, कौतुकानं:
आत्या, पप्पांकडे बंदूक आहे!

गल्लीतल्या बाया विचारतात, किती पाडतो महिन्याला?
मी आकडा सांगते.
दर वेळी थोडा वाढवते, महागाईप्रमाणे.

फोनवर मागे नेहमी तीच भिंत.
मला वाटायचं, आवडती असेल.
परवा उर्वीनं मोबाइल उंच नेला:
छताला टेकलेली वीतभर खिडकी,
आणि खिडकीतून बूट चाललेले.
हा पोस्टमन. ही लंगडी आजी, हिचा कुत्रा हिच्या आधी येतो.
चेहरा एकाचाही ठाऊक नाही पोरीला,
टाचांवरून ओळखते सगळी आळी.
जानेवारीत म्हणे खिडकीच बुजली होती बर्फानं,
पंधरा दिवस दिवा लावला की दिवस.

आम्ही भावंडं होळी झाली की धाब्यावर झोपायला जायचो,
ते थेट मृग लागेस्तोवर.
माती रात्री दहापर्यंत पाठ भाजायची.
तो आतल्या अंगाला, मी कडेला,
झोपेत खाली पडला तर म्हणून
त्याच्या सदऱ्याचं टोक माझ्या मुठीत.
जमिनीखाली आमच्याकडे
फक्त पेव असायचं, ज्वारीचं.

मी काही विचारलं नाही.
जळगावला जाऊन पार्सल केलं, तीन किलो बिबडे.
काट्यावरचा पोरगा हसला,
मावशी, मालापेक्षा भाडं जास्त!
एकवीस दिवसांनी पोचले तेव्हा चुरा झालेला.
ताई, चुराच भारी लागतो दह्यात, लीलाधर म्हणाला.
लहानपणी शाळेत मार खाऊन आला तरी म्हणायचा,
मास्तरचा हात दुखला असेल.

काल रात्री फोन आला. तिथे भर दुपार,
तो झोपायच्या तयारीत.
काय करू रायली ताई?
धाब्यावर आहे, म्हटलं, बिबड्यांना राखण.
तो गप्प झाला.
यशोमती त्याच्यामागे येऊन उभी राहिली, केस ओले,
उर्वी दोघांच्या मधून घुसली.
म्हटलं, थांबा, दाखवते.
आणि मोबाइल आभाळाकडे केला.

पलीकडून आवाज नाही.
माझ्या ह्या फोनात रात्रीचं काही दिसत नाही,
नुसतं काळं, हे मला ठाऊक आहे.
दिसतंय का रे?
दिसतंय, म्हणाला. सगळं दिसतंय.
धर जरा तसाच.

खांदा भरून आला.
पाय बदलला तर खाली फ्लेक्स करकरला,
बहुतेक एखादा शुभेच्छुक.
मी धरून राहिले.